महाबळेश्वर ते खिद्रापूर : कृष्णाकाठच्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात कृष्णा सुमारे २८० किलोमीटर वाहते आणि मग कर्नाटकात जाते. एवढ्या अंतरात तिच्या काठी घाट, वाडे, समाध्या, बागा आणि एक अभयारण्यही आहे. बहुतेक लोक यातले एखादे ठिकाण पाहून परत फिरतात. वाईला गणपती झाला, नरसोबाच्या वाडीला दर्शन झाले, की गाडी वळते. ही ठिकाणे नदीच्या क्रमाने पाहिली की बांधणाऱ्यांचे डोके कळते, कारण इथे प्रत्येकाने पूर येणारच हे गृहीत धरून बांधले आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी पाण्यापर्यंत उतरा आणि मग देवळात जा.

उगमापासूनच सुरुवात करायला हवी का?

शक्य असेल तर हो. क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरला, पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाणी पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम इथे मानतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. कृष्णा, वेण्णा आणि कोयना मात्र घाटमाथ्याच्या पूर्वेकडे राहतात. वेण्णा कृष्णेला माहुलीत भेटते आणि कोयना कराडला. एका डोंगरावर निघालेल्या या बहिणी खाली कुठे एकत्र येतात ते पाहत जाणे, हाच या प्रवासाचा माझ्या मते सर्वांत सुंदर धागा आहे.

पंचगंगा मंदिरात गर्दी असते. तिथून थोडे चालत गेलात तर कृष्णाबाईचे काळ्या दगडाचे जुने मंदिर लागते. तिथे कुंड आहे, गोमुख आहे आणि समोर कृष्णेचे खोरे उघडे दिसते. पुढचे दोन-तीन दिवस ज्या खोऱ्यातून जायचे, ते आधी वरून डोळ्यांत भरून घ्या.

एकूण किती दिवस लागतात?

महाबळेश्वर ते खिद्रापूर हा रस्ता सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरचा आहे. तीन दिवसांत होतो, चार असतील तर नीट होतो. पहिला मुक्काम वाईला आणि दुसरा कराडला करा, तिसरा सांगली किंवा नरसोबाच्या वाडीला. पुण्याहून एकाच दिवसासाठी येणार असाल तर धोम, मेणवली आणि वाई एवढेच ठेवा. त्यात महाबळेश्वर घुसवले की दिवस पसरणी घाटातच जातो.

कोणत्या महिन्यात जावे?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पाऊस ओसरलेला असतो, पाणी नितळ होत आलेले असते, खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि काठावर ऊस उभा असतो. एप्रिल-मे मध्ये दगड इतका तापतो की अनवाणी चालवत नाही. त्या दिवसांत सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घाटावर जा.

पावसाळ्याचा विचार जपून करा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि पायथ्याच्या वाईत त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. त्यामुळे वाईत आभाळ उघडे असतानाही नदी फुगलेली असू शकते. वर काय चालले आहे ते खाली उभे राहून कळत नाही.

धोमला धरणाखेरीज पाहण्यासारखे काय आहे?

गावातले शिवमंदिर. समोर कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे आणि त्याच्या मधोमध कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी असले की नंदी कमळात बसल्यासारखा दिसतो. शेजारीच नरसिंहाचे देऊळ आहे. अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास चुकवू नका.

मेणवलीचा वाडा आतून पाहता येतो का? ती प्रसिद्ध घंटा कुठे आहे?

नाना फडणवीसांचा (१७४२–१८००) हा वाडा खासगी मालकीचा आहे. उघडा असेल तर शुल्क देऊन पाहता येतो. तिथे सांभाळणारी मंडळी असतात, त्यांना विचारूनच आत जा आणि ते दाखवतील तेवढेच पाहा. सहा चौकांचा वाडा, लाकडी खांब, भिंतींवरची जुनी चित्रे, नदीकडे उघडणारा मागचा दरवाजा. पेशवाईचा कारभार हाकणारा माणूस निवांत राहण्यासाठी कुठली जागा निवडतो, ते इथे समजते.

वाड्यामागून पायऱ्या थेट घाटावर उतरतात. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे, काठावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ आहे. घंटा मेणेश्वराजवळच्या छोट्या घुमटीत टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या गेल्या. भीमाशंकरची घंटाही त्यांतलीच. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. ती जवळून, शांतपणे पाहा. ती वाजवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तीनशे वर्षांच्या धातूवर हात आपटू नका.

मेणवलीत चित्रीकरण बरेच होते. एखाद्या दिवशी घाट त्यासाठी अडवलेला असू शकतो. वाईहून गाव तीन किलोमीटरवर असल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येणे सोपे असते.

वाईला गणपती आणि घाट, एवढेच ना?

एवढेच पाहायचे असले तरी नीट पाहा. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मूर्ती एकाच दगडातली, भव्य. दर्शन झाले की लोक आले त्याच बाजूने परत जातात. तुम्ही देवळाला वळसा घालून नदीच्या अंगाने मागची भिंत पाहा. ती सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर आपटतो, दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. देऊळ नदीच्या पात्रालगत इतकी वर्षे उभे आहे ते या भिंतीमुळे. पूर अडवायचा नाही, त्याला वाट करून द्यायची, हे त्या गवंड्यांना पक्के ठाऊक होते. आज नदीकाठी निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरक्षेत्राच्या हद्दीच्या, आत इमारती चढवणाऱ्यांनी या भिंतीपुढे थोडा वेळ उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातला तुकतुकीत काळा नंदी पाहा. मग गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असे घाट एकेक करत चाला. वाईचे सात घाट हे सात वस्त्यांचे आहेत आणि कृष्णाबाईचा उत्सवही घाटाघाटाने होतो. माघापासून पुढे काही आठवडे प्रत्येक घाटाची पाळी येते, मांडव पडतो, कीर्तने होतात, पंगती उठतात. त्या दिवसांत गेलात तर घाट कशासाठी बांधतात ते आपोआप कळेल. इतर वेळीही तिथे कपडे धुणाऱ्या बाया, संध्या करणारे, पाण्यात उड्या मारणारी पोरे असतात. त्यांच्या रोजच्या जागेत आपण पाहुणे आहोत, हे लक्षात ठेवून वावरा.

वाई ही विद्येचीही पेठ. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्या प्राज्ञपाठशाळेतून पुढे आले आणि मराठी विश्वकोशाचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली याच गावातून उभे राहिले.

लिंबची बारा मोटांची विहीर नदीकाठी आहे का? मग या यादीत कशी?

विहीर काठावर नाही, पण कृष्णेच्या खोऱ्यातली आहे आणि वाईहून साताऱ्याला जाताना वाटेतच पडते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाईंनी ती बांधवून घेतली. अष्टकोनी विहीर, तिला जोडून जमिनीखालचा छोटा महाल, त्यात शिल्पे कोरलेले खांब आणि वर एकाच वेळी बारा मोटा चालवण्याची सोय. इथल्या आमराईला पाणी मिळावे म्हणून हा खटाटोप होता. आत कठडे पुरेसे नाहीत. लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नका. गावातून पुढे नदीवर गेलात तर कोटेश्वराचे देऊळ आहे, तिथला काठ फार शांत असतो.

संगम माहुली आणि क्षेत्र माहुली ही एकच गावे का?

नाही. कृष्णा-वेण्णा संगमाच्या दोन बाजूंना ही दोन गावे आहेत. संगम माहुलीला विश्वेश्वराचे मोठे देऊळ आहे. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी ते १७३५ च्या सुमारास बांधले. समोरच्या तीरावर, क्षेत्र माहुलीला, रामेश्वर. राघोबादादांना नारायणरावांच्या खुनाबद्दल दोषी ठरवणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे याच माहुलीचे.

माझ्या दृष्टीने माहुली हे या साऱ्या वाटेवरचे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत उपेक्षित ठिकाण आहे. सातारच्या राजघराण्याची ही दहनभूमी. छत्रपती शाहू महाराज, महाराणी येसूबाई, महाराणी ताराबाई यांच्या समाध्या इथे आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचेही स्मारक आहे. ज्यांच्या नावाने दिल्लीपर्यंत फौजा गेल्या, त्यांची समाधी नदीच्या गाळावाळूत किती साधेपणाने आहे ते पाहून गप्प व्हायला होते. तिथे मोठे फलक फारसे नाहीत. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्या, नाहीतर कुठली समाधी कोणाची ते कळणार नाही. आणि हे आजही अंत्यसंस्काराचे ठिकाण आहे. कोणाच्या घरचे दुःख चालू असताना कॅमेरा बाहेर काढू नका.

मुले देवळे पाहून कंटाळतात. त्यांच्यासाठी काय?

कराडचा प्रीतिसंगम. उत्तरेकडून कृष्णा येते, दक्षिणेकडून कोयना येते, दोघी समोरासमोर भेटतात आणि एकत्र पूर्वेला वळतात. दोन नद्या अशा नाकासमोर येऊन मिळताना क्वचितच दिसतात. काठावर बाग आहे, बागेत यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, खेळायला मोकळी जागा आहे, बाहेर भेळेच्या गाड्या आहेत. संध्याकाळी अर्धे कराड तिथे असते. मुले खेळू द्या आणि तुम्ही घाटावर कृष्णाबाईच्या देवळाकडे बसा.

वेळ उरला तर कराडच्या जुन्या भुईकोटातली नकट्या रावळ्याची पायविहीर आणि गावाजवळच्या आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी पाहता येतात. लेण्यांसाठी चढ आहे, सकाळी लवकर निघा.

सागरेश्वर अभयारण्याला जाणे सार्थ आहे का? वाघ-बिबटे दिसतात का?

वाघ पाहायला जात असाल तर जाऊ नका. सागरेश्वरचे महत्त्व वेगळे आहे. देवराष्ट्रेजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर माणसांनी झाडे लावली, कुंपण घातले, हरणे आणून सोडली आणि जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे जंगल उभे केले. चितळ, सांबर आणि काळवीट इथे दिसतात, मोरही दिसतात. डोंगरावरून कृष्णाकाठचे हिरवे शिवार दूरवर पसरलेले दिसते. पायथ्याला जुन्या शिवमंदिरांचा समूह आहे. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास धरून जा. दुपारी हरणे सावलीत जातात आणि तुम्ही उन्हात राहता.

देवराष्ट्रे हे यशवंतरावांचे जन्मगाव. आदल्या संध्याकाळी कराडला समाधी पाहिली असेल, तर हे गाव वाटेत थांबून पाहावेसे वाटेलच.

नदीत पोहता येते का? होडीत बसावे का?

अनोळखी पाण्यात उतरू नका. कारणे तीन आहेत. घाटाच्या पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि पाय सरकला की खाली लगेच खोल डोह असू शकतो. दुसरे, धोम आणि कोयना धरणांतून पाणी सोडले की पातळी अचानक वाढते. काठावर भोंगा किंवा सूचना ऐकू आली तर सामान गोळा करत बसू नका, वर या. तिसरे कारण बाहेरच्या लोकांना माहीतच नसते : सांगली जिल्ह्यात, विशेषतः भिलवडी-औदुंबर पट्ट्यात, कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. तिथे पाण्यात पाय सोडून बसणेसुद्धा टाळा. मगर ही नदीची जुनी रहिवासी आहे. तिला दगड मारणे, व्हिडिओसाठी तिच्या जवळ जाणे हे प्रकार करू नका.

होडीचे म्हणाल, तर नाव भरलेली असेल किंवा लाइफ जाकीट नसेल तर बसू नका. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला लोकांना सोडवून नेणारी नाव उलटली आणि अनेक जण दगावले. नदीकाठी जन्म काढलेली माणसे होती ती.

औदुंबर आणि नरसोबाची वाडी, दोन्हीकडे जावे का?

दत्तभक्त दोन्हीकडे जातातच. श्रीनृसिंहसरस्वतींनी औदुंबरला एक चातुर्मास काढला आणि वाडीला बारा वर्षे राहिले, असे परंपरा सांगते. औदुंबरला विमल पादुका, वाडीला मनोहर पादुका. भाविक नसाल आणि वेळ कमी असेल, तर औदुंबरची झाडी आणि निवांत घाट निवडा. गर्दीतली भक्ती, पालखी, पदे हे सारे अनुभवायचे असेल तर वाडी.

दक्षिणद्वार सोहळा म्हणजे काय? तो कधी असतो?

त्याची तारीख नसते, नदी ठरवते. वाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. पावसाळ्यात पाणी चढत चढत देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्रीही धावतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवतात आणि खालचे देऊळ पाण्याखाली जाते. पूर ओसरल्यावर गाळ उपसून पुन्हा पूजा सुरू होते. दरवर्षी हे घडते आणि कोणी त्याला संकट म्हणत नाही. देवाला नदीचे स्नान घडले, असेच म्हणतात. वाईच्या भिंतीत जे शहाणपण दगडात आहे ते इथे रीतीत आहे.

तरीही बाहेरगावाहून मुद्दाम पुरात निघू नका. सोहळ्याच्या काळात आजूबाजूचे पूल आणि रस्ते बंद होऊ शकतात. निघण्यापूर्वी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी बातम्यांत पाहा. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ४० च्या जवळ आकडा दिसला तर प्रवास पुढे ढकला.

सांगलीत थांबावे का?

गणपती मंदिरासाठी थांबा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या कारकिर्दीतले हे दगडी मंदिर मोठ्या प्रसन्न आवारात आहे. तिथून आयर्विन पूल (१९२९) जवळच. हरिपूरला कृष्णा-वारणा संगमावर संगमेश्वराचे देऊळ आणि चिंचेची जुनी झाडे आहेत. हळद साठवायची जमिनीतली पेवे हे हरिपूरचे वैशिष्ट्य होते. २००५ च्या पुराने त्यांची फार हानी केली.

खिद्रापूर इतके दूर, आडवळणाला. खरेच जावे का?

एकच ठिकाण निवडायची वेळ आली तर मी खिद्रापूर निवडेन. कुरुंदवाडहून उसाच्या शेतांतून रस्ता जातो आणि कृष्णेच्या मोठ्या वळणात हे गाव लागते. कोपेश्वराचे मंदिर शिलाहार राजा गंडरादित्याच्या काळातले, बाराव्या शतकातले मानले जाते. पुढच्या काळातला यादव राजा सिंघणदेवाचा शिलालेखही इथे आहे.

आधी स्वर्गमंडपात जा. अठ्ठेचाळीस खांब, मधे गोल दगडी रंगशिला आणि तिच्या बरोबर वर छताला तेवढेच गोल मोकळे आकाश. छत अपुरे राहिलेले नाही, ते मुद्दाम असे केले आहे. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या वर्तुळात येतो तेव्हा गर्दी होते, पण एरवीच्या सकाळी खांबांच्या कोरीव कामावरून ऊन सरकताना पाहणेही तितकेच मोलाचे आहे. सभामंडपातून गाभाऱ्याकडे अंधार वाढत जातो. आत दोन लिंगे आहेत : कोपलेला शिव तो कोपेश्वर आणि त्याची समजूत घालणारा विष्णू तो धोपेश्वर. समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे, कर्नाटकातल्या येडूरला आहे असे सांगतात.

बाहेरून प्रदक्षिणा घालताना पायाशी हत्तींची रांग आहे. देवळाचा भार त्यांनीच पेलला आहे. शेजारचे जैन मंदिरही पाहा. गावात जेवणाची सोय बेताची आहे, कुरुंदवाडला किंवा वाडीला जेवून या.

स्वतःची गाडी नसेल तर?

एसटीने सगळे होते. महिलांना निम्मे तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. पुणे-मिरज-कोल्हापूर रेल्वेही उपयोगी : सातारा स्थानक माहुलीच्या बाजूलाच आहे, पुढे कराड, भिलवडी, सांगली. वाडीसाठी जयसिंगपूरला उतरा. फक्त खिद्रापूरच्या गाड्या मोजक्या आहेत. परतीची वेळ कुरुंदवाडच्या स्टँडवर आधीच विचारून ठेवा.

आई-वडिलांना पायऱ्या झेपत नाहीत. काय टाळावे?

लिंबची विहीर आणि आगाशिव टाळा. मेणवलीचा घाट वरून पाहता येतो. वाईचा गणपती, प्रीतिसंगम बाग, सांगलीचा गणपती आणि खिद्रापूर ही ठिकाणे त्यांना त्या मानाने सोपी जातात.

खायचे काय?

साताऱ्यात कंदी पेढे, सांगली-जयसिंगपूरला भडंग, वाडीला बासुंदी आणि कवठाची बर्फी. आणि कुठल्याही खानावळीत कृष्णाकाठची वांगी मिळाली तर दुसरी भाजी मागू नका.

नदीत दिवे, फुले, निर्माल्य सोडावे का?

नको. उन्हाळ्यात धरणाखाली पाणी कमी असते, वाईला जलपर्णी साचते. त्यात प्लॅस्टिकच्या द्रोणातले दिवे घालू नका. बऱ्याच घाटांवर निर्माल्यासाठी कुंड आहे, तिथे ठेवा. जिथे नसेल तिथे घरी न्या आणि झाडाच्या मुळाशी घाला.

कन्यागताला जावे का?

गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कृष्णाकाठी कन्यागत महापर्वकाळ असतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल. स्नानासाठी जायचे असेल तर वाई किंवा वाडीतली राहण्याची सोय काही महिने आधी करा. शिल्पे आणि घाट निवांत पाहायचे असतील, तर ते वर्ष सोडून जा.